डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा: घेण्याआधी आणि घेतल्यावर काय करायचं

फोटोग्राफीत थोडं मुरल्यावर लायका कंपनीच्या एम मालिकेतल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांकडे नजर जातेच. चौकशी केली की दोन टोकांची उत्तरं मिळतात. कोणी म्हणतं, याच्यासारखा कॅमेरा दुसरा नाही. कोणी म्हणतं, एवढे पैसे मोजून साधा ऑटोफोकससुद्धा मिळत नाही. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर नवखा माणूस गोंधळतो.

मी रेंजफाइंडर वापरतो आणि इतरांना निवडायला मदतही करतो. माझं ठाम मत आहे की या कॅमेऱ्याचे गुण आणि दोष एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. ज्या रचनेमुळे तो हातात घेतल्यावर सोडवत नाही, त्याच रचनेमुळे काही कामांना तो अजिबात चालत नाही. त्यामुळे सुरुवात रचनेपासून करू, मग निवड, खरेदी, तपासणी आणि सराव. पायऱ्या याच क्रमाने घ्या. बहुतेक जण चौथ्या पायरीपासून सुरू करतात आणि तिथेच पैसे अडकतात.

१. आधी यंत्र समजून घ्या

डीएसएलआर (आरशाच्या) किंवा मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघता. रेंजफाइंडरमध्ये लेन्सचा आणि तुमच्या डोळ्याचा संबंध नसतो. कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात काचेची वेगळी खिडकी असते, तिच्यातून समोरचं दृश्य थेट दिसतं. मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो. त्यात शेजारच्या दुसऱ्या छोट्या खिडकीतून आलेली तीच प्रतिमा दिसते, पण किंचित सरकलेली. लेन्सची रिंग फिरवली की लेन्सच्या मागचा कॅम (रिंगेसोबत पुढेमागे होणारी कड) बॉडीतल्या रोलरला ढकलतो आणि ती दुसरी प्रतिमा सरकू लागते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस जमला. या सगळ्यात मोटर नाही, सॉफ्टवेअर नाही. निव्वळ यांत्रिक जोडणी आहे.

लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर लायकाने १९३२ मध्ये लायका टू या मॉडेलमध्ये दिला. १९५४ च्या एम३ मध्ये फोकसची आणि चौकटीची खिडकी एक झाली आणि एम माउंट (लेन्स बसवायची कडी) आला. तोच माउंट आजच्या डिजिटल बॉडीवर आहे. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते आणि फोकसही होते.

खिडकीत लेन्सच्या फोकल लेंग्थप्रमाणे (एमएममधला आकडा; लहान तर दृश्य रुंद, मोठा तर अरुंद) चौकटीच्या रेषा उमटतात. त्यांना फ्रेमलाइन म्हणतात. हल्लीच्या एम कॅमेऱ्यांत त्या जोडीने येतात: ३५ सोबत १३५, २८ सोबत ९०, ५० सोबत ७५. फोकस जवळ आणला की रेषा तिरप्या खाली सरकतात, म्हणजे खिडकी आणि लेन्स यांच्या जागेतला फरक भरून निघतो. २०१२ च्या एम टायप २४० या मॉडेलपासून पुढच्या बॉडींमध्ये या रेषा आतल्या एलईडीने उजळतात, त्यामुळे कॅमेरा बंद असताना त्या दिसत नाहीत. वापरलेला कॅमेरा बघताना ‘रेषा गायब आहेत’ म्हणून घाबरू नका, आधी स्विच बघा.

२. हा कॅमेरा तुमच्या कामाचा आहे का ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

आधी त्याचं बळ. खिडकीत जवळचं आणि दूरचं सगळं स्पष्ट दिसतं, आणि चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. माणूस चौकटीत येण्याआधीच तो येतोय हे कळतं. ३५ आणि ५० एमएमला हा फायदा मोठा आहे, २८ला जवळपास संपतो, कारण त्याची चौकट खिडकीच्या कडांना टेकते. शटर पडतानाही दृश्य काळं होत नाही. समोरच्याचे डोळे मिटले होते की उघडे, हे तुम्ही त्याच क्षणी पाहिलेलं असतं. लेन्सवर गडद एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावला तरी खिडकी तितकीच उजळ राहते. संध्याकाळी कमी उजेडात, जिथे काही ऑटोफोकस प्रणाली चाचपडतात, तिथे दिव्याची कड किंवा कॉलरची रेघ मिळाली तरी फोकस होतो.

दुसरं बळ आकाराचं. आरसा नाही, लेन्समध्ये मोटर नाही, माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर फक्त २७.८ मिमी. त्यामुळे फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरसाठीच्या ३५ एमएम एफ/२ लेन्सा मुठीत मावतात. बॉडी आणि दोन लेन्स छोट्या पिशवीत बसतात. दिवसभर पायी फिरणाऱ्याला याची किंमत कळते. समोरच्या माणसावरही या छोट्या, हलक्या आवाजाच्या यंत्राचं दडपण येत नाही.

तिसरं बळ मला सर्वांत मोठं वाटतं. लेन्सवर अंतराचे आणि अॅपर्चरचे (प्रकाश आत येण्याच्या भोकाचे; एफ/२ सारखा आकडा लहान तर भोक मोठं) आकडे कोरलेले असतात, वर शटर स्पीडची चकती असते. कॅमेरा बंद असताना, डोळ्याला लावायच्या आधी सगळं ठरवून ठेवता येतं. अंतर बोटांना पाठ झालं की फोकस करायला वेळच लागत नाही.

आता दोष, आणि ते सौम्य करून सांगणार नाही.

खिडकीला लेन्स काय बघते आहे ते माहीत नसतं. डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे किती भाग स्पष्ट येईल ते) दिसत नाही, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) दिसत नाही, पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवल्याचा परिणाम दिसत नाही, लेन्सची टोपी काढायची राहिली तर तीही दिसत नाही. चौकटीच्या रेषा अंदाजाच्या असतात. रेंजफाइंडरने साधारण ७० सेंमीच्या आत फोकस होत नाही, आणि बऱ्याच जुन्या लेन्स १ मीटरलाच थांबतात. खऱ्या अर्थाने झूम नाही. २८ एमएमपेक्षा रुंद लेन्सला वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागतो, आणि १३५ एमएमची चौकट एवढीशी दिसते की त्यात काही रचणं अवघड जातं. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) नाही. एम१० आणि एम११ या अलीकडच्या मॉडेलांत व्हिडिओ नाही. लेन्सना पाण्यापासून वाचवणारं रबर नसतं, तेव्हा धो धो पावसात हा कॅमेरा काढायचा नाही.

मग कोणी घ्यावा? ज्याचे बहुतेक फोटो एक ते पाच मीटरवरच्या माणसांचे असतात, ज्याला २८ ते ५० एमएममध्ये रमायला आवडतं, जो चालत, प्रवासात, घरात फोटो काढतो, त्याने घ्यावा. पक्षी, खेळ, मॅक्रो, रंगमंचावरचा लांबचा नाच, उत्पादनांचे फोटो यांपैकी काही तुमचं मुख्य काम असेल तर घेऊ नका. लग्नांची कामं करत असाल तर सोबत दुसरा कॅमेरा ठेवा, एकट्या याच्यावर विसंबू नका.

डोळ्यांचं बघून घ्या. चष्मा असेल तर २८ एमएमची पूर्ण चौकट एका नजरेत बहुतेकांना दिसत नाही, ३५ ची दिसते. खिडकीला नंबर जुळवायची चकती नसते, नंबराची छोटी काच वेगळी घेऊन बसवावी लागते. डाव्या डोळ्याने बघायची सवय असेल तर नाक स्क्रीनवर टेकतं आणि उजवा डोळा कॅमेऱ्यामागे झाकला जातो. म्हणजे दुसरा डोळा उघडा ठेवून आजूबाजूचं बघण्याचा फायदा गेला.

पैशांबद्दल एकच सांगतो. निव्वळ फोटोच्या गुणवत्तेसाठी हा कॅमेरा घेऊ नका. बऱ्याच कमी पैशांत मिळणारा फुल फ्रेम मिररलेस तितकीच चांगली फाइल देतो, शिवाय ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशनही. इथे तुम्ही पैसे मोजता ते हाताने जुळवलेल्या त्या यंत्रासाठी, पितळ आणि काचेसाठी, बघण्याच्या या पद्धतीसाठी. कॅमेऱ्याच्या किमतीची धास्ती वाटून तो कपाटातच राहणार असेल तर घेण्यात अर्थ नाही.

३. घेण्याआधी हाताळून बघा

भाड्याने किंवा ओळखीतून दोनतीन दिवसांसाठी मिळवा. दुकानात पाच मिनिटं हातात घेऊन काही समजत नाही. पहिले काही तास सगळ्यांनाच हळू वाटतं, ते धरू नका. शेवटच्या दिवशी तीन गोष्टी तपासा: दुहेरी प्रतिमा जुळलेली तुम्हाला चटकन दिसते का, चालत्या माणसाचा फोकस दहातल्या किमान निम्म्या वेळा लागतो का, आणि खिडकीतून बघताना आनंद होतो का. तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर पहिल्या दोहोंना महत्त्व नाही.

भाड्याने मिळत नसेल तर एम माउंटची एक स्वस्तातली ५० एमएम लेन्स घ्या आणि अडॅप्टरने तुमच्या मिररलेसवर लावा. हाताने फोकस करणं आपल्याला रुचतं का, एवढं तरी त्यातून कळेल. पुढे बॉडी घेतलीत तर लेन्स कामाला येईलच. या प्रयोगासाठी २८ किंवा त्याहून रुंद लेन्स घेऊ नका. बहुतेक मिररलेसच्या सेन्सरवरची काच जाड असते, तिच्यामुळे रुंद एम लेन्सच्या कडा विरघळल्यासारख्या येतात आणि दोष विनाकारण लेन्सला जातो.

४. बॉडी निवडा

पहिला डिजिटल रेंजफाइंडर एप्सनचा आर-डी१. तो २००४ मध्ये आला, ६ मेगापिक्सेलचा. संग्राहकांसाठी गोड वस्तू आहे, पहिला कॅमेरा म्हणून नको. पुढे लायकाच्या पिढ्या अशा:

एम८ (२००६): १०.३ मेगापिक्सेल, सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, क्रॉप १.३३ (म्हणजे दृश्य तेवढ्या पटीने अरुंद). इन्फ्रारेड प्रकाश पुरेसा अडवला जात नाही, त्यामुळे काळे कृत्रिम कपडे जांभळट दिसतात. रंगीत फोटोंसाठी प्रत्येक लेन्सला यूव्ही-आयआर फिल्टर लावावा लागतो.

एम९ (२००९): पहिला फुल फ्रेम डिजिटल रेंजफाइंडर, १८ मेगापिक्सेल सीसीडी. कमी आयएसओला (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) रंग फार सुंदर येतात आणि आजही त्याचे चाहते आहेत. पण सेन्सरवरच्या काचेला गंज धरण्याचा दोष या पिढीला आहे. एम९-पी, एम-ई (टायप २२०) आणि पहिला मोनोक्रोम हेही त्यातच येतात. सेन्सर बदलल्याचा कागद हातात असल्याशिवाय यांपैकी काहीही घेऊ नका, विकणारा कितीही भला माणूस असला तरी.

एम टायप २४०: घोषणा २०१२ ची. २४ मेगापिक्सेल सीमॉस (सीसीडीपेक्षा नव्या प्रकारचा सेन्सर), लाइव्ह व्ह्यू (लेन्सचं दृश्य मागच्या स्क्रीनवर), व्हिडिओ आणि दमदार बॅटरी. अंगाने जाड आणि वजनाला ६८० ग्रॅम. पैसे मोजके असतील तर मी नवख्याला हाच सुचवतो. धोक्याचा दोष नाही, फाइल आजही उत्तम, आणि लाइव्ह व्ह्यूमुळे फोकसची चूक आपली की यंत्राची ते तपासता येतं.

एम१० (२०१७): जुन्या फिल्म एमएवढा सडपातळ. खिडकीचं मॅग्निफिकेशन ०.६८ वरून ०.७३ झालं आणि चष्मेवाल्यांना बघणं सोपं झालं. आयएसओची चकती वरच्या बाजूला आली. बॅटरी लहान, पूर्ण दिवसाला दोन लागतात. २०२० च्या एम१०-आर मध्ये ४० मेगापिक्सेल. सगळा तोल बघता मला एम१० ही सर्वांत समजूतदार निवड वाटते.

एम११ (२०२२): ६० मेगापिक्सेल, हवं तर ३६ किंवा १८ वर आणता येतात. बॅटरी मोठी, खालचं झाकण काढायची कटकट गेली, यूएसबी-सीने चार्जिंग. काळी बॉडी अॅल्युमिनियमची, ५३० ग्रॅम. चंदेरीचं वरचं कव्हर पितळी, ६४० ग्रॅम. इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० पर्यंत जातं, पण भरधाव वस्तू त्यात तिरप्या येतात. आणि ६० मेगापिक्सेलना हात हलल्याचं, फोकस बोटभर चुकल्याचं सगळं दिसतं.

फक्त कृष्णधवल फोटो काढणाऱ्या मोनोक्रोम बॉडी आहेत, मागे स्क्रीन नसलेल्या ‘डी’ बॉडी आहेत. दोन्हींमध्ये मजा आहे, पण पहिला कॅमेरा म्हणून घेऊ नका. स्क्रीन नसेल तर फोकस शिकताना चुका लगेच दिसत नाहीत. लायकाबाहेर फ्रान्सची पिक्सी कंपनी एम माउंटचे डिजिटल रेंजफाइंडर बनवते, त्यांनाही मागे स्क्रीन नाही. आणखी एक खबरदारी: २०२५ मध्ये आलेल्या लायका एम ईव्ही१ वर एम माउंट आहे, पण रेंजफाइंडर नाही. त्याजागी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे. नावावरून गफलत होऊ देऊ नका.

५. लेन्स: एकच घ्या, आणि मोठ्या अॅपर्चरचा मोह टाळा

पहिली लेन्स ३५ किंवा ५० एमएम, एफ/२ किंवा एफ/२.५ च्या आसपासची. एफ/१.४ आणि त्याहून मोठ्या लेन्स पहिल्या वर्षी नकोत. ५० एमएम एफ/१.४ ने एक मीटरवरच्या माणसाचा फोटो काढताना स्पष्ट पट्टा जेमतेम ३ सेंमीचा असतो. तुम्ही श्वास घेतलात तरी डोळ्यांवरचा फोकस कानावर जातो. शिवाय मोठी लेन्स खिडकीचा उजवा खालचा कोपरा झाकते, तेव्हा घेताना हूड (लेन्सपुढे लावायचं ऊन अडवणारं कडं) लावून खिडकीतून एकदा बघाच.

लायकाच्या लेन्स परवडत नाहीत म्हणून हिरमुसू नका. कोसिनाच्या फोइग्टलेंडर आणि झाइसच्या झेडएम लेन्स उत्तम आहेत, आणि जुन्या स्क्रू माउंटच्या लेन्सही अडॅप्टरने बसतात. या भागातले सापळे मात्र लक्षात ठेवा.

फोकस शिफ्ट. काही लेन्समध्ये अॅपर्चर बंद करत गेलं की फोकसची जागा मागे सरकते. झाइसची ५० एमएम एफ/१.५ सी सोनार याबद्दल प्रसिद्ध आहे. मिररलेसवर हे स्क्रीनवर दिसून जातं, रेंजफाइंडरमध्ये दिसायची सोय नाही. घेण्याआधी त्या लेन्सबद्दल हा प्रश्न विचाराच.

जुन्या रुंद लेन्स. ज्या लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या अगदी जवळ जातो, त्यांच्या फोटोंच्या कडांना जांभळट झाक येते. कृष्णधवलमध्ये चालून जातं, रंगीतमध्ये वैताग येतो.

आत ढकलून मिटणाऱ्या जुन्या लेन्स. डिजिटल बॉडीवर त्या कायम बाहेर काढूनच वापरा. आत ढकलल्या तर शटरच्या भागाला लागू शकतात.

कोड नसलेल्या लेन्स. माउंटवरच्या सहा ठिपक्यांच्या कोडवरून कॅमेरा लेन्स ओळखतो. दुसऱ्या कंपन्यांच्या आणि जुन्या लेन्सवर हा कोड सहसा नसतो. मेन्यूत लेन्स हाताने निवडा, नाहीतर ऑटो आयएसओ चुकीच्या शटर स्पीडवर चालेल.

६. वापरलेला घेताना तपासणी आणि कागदपत्रं

सोबत न्या: चार्ज केलेली बॅटरी, स्वतःचं मेमरी कार्ड, ज्या लेन्सच्या अचूकतेची खात्री आहे अशी एक लेन्स, छोटा टॉर्च आणि शक्य असेल तर लॅपटॉप.

खिडकी: दूरच्या इमारतीवर किंवा चंद्रावर बघा. लेन्स अनंतावर टेकलेली असताना दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. उभ्या दिशेनेही बघा, एक प्रतिमा किंचित वर आणि एक खाली असेल तर दुरुस्ती लागणार. मधला चौकोन फिका किंवा धुरकट असेल तर आतल्या काचा खराब होत आहेत.

जवळचा फोकस: तिरपी ठेवलेली छापील पट्टी घ्या, एका ओळीवर फोकस करा, पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. दोन लेन्सनी करा. दोन्ही एकाच बाजूला चुकत असतील तर दोष बॉडीत, एकच चुकत असेल तर लेन्समध्ये.

सेन्सर: एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा. साधी धूळ म्हणजे गडद ठिपका. ठिपक्याभोवती उजळ कडं दिसलं आणि बॉडी एम९ पिढीतली असेल, तर तो गंज समजा आणि व्यवहार थांबवा.

शटर: सगळे स्पीड एकेक करून वाजवा. आयएसओ आणि शटरच्या चकत्या ढिल्या नसाव्यात. माउंटमध्ये लेन्स हलता कामा नये.

कागद: मूळ बिल, वॉरंटी कार्ड, बॉडीवरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर एकच असल्याची खात्री, आजवरच्या सर्व्हिसची बिलं, आणि विकणाऱ्याची सही असलेली पावती. पावतीवर सीरियल नंबर लिहून घ्या, विमा काढताना आणि देशाबाहेर नेऊन परत आणताना कस्टम्सला दाखवायला तोच कागद लागतो. मूळ बॅटरी आणि चार्जर सोबत मागा. जुन्या मॉडेलची बॅटरी नंतर शोधत फिरणं त्रासाचं असतं.

‘आत्ताच कॅलिब्रेट करून घेतलाय’ (म्हणजे रेंजफाइंडर नीट जुळवून घेतलाय) हे वाक्य वारंवार ऐकू येईल. कोणी केलं, कधी केलं, बिल कुठे, हे विचारा. बिल नसेल तर न केलेलाच धरून भाव ठरवा.

७. पहिल्या दिवशीच्या सेटिंग

फाइल डीएनजी (कच्ची, प्रक्रिया न केलेली) ठेवा. जेपीजी हवी तर सोबत घ्या, पण एकटी नको. शटरची चकती ‘ए’वर ठेवली की अॅपर्चर तुम्ही ठरवायचं आणि स्पीड कॅमेरा ठरवतो. सुरुवात अशीच करा. ऑटो आयएसओ चालू करा आणि किमान शटर स्पीड फोकल लेंग्थच्या दुपटीवर बांधा, म्हणजे ५० एमएमला १/१०० च्या खाली जाणार नाही. एम११ वर चौपट ठेवली तरी हरकत नाही.

एक्स्पोजर भरपूर उन्हात थोडं कमी ठेवा, पाऊण स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). या सेन्सरमध्ये सावल्यांतला तपशील नंतर वर काढता येतो, पण जळून पांढरं झालेलं परत येत नाही. फोटोच्या माहितीत दिसणारा अॅपर्चरचा आकडा कॅमेऱ्याने प्रकाशावरून लावलेला अंदाज असतो. लेन्सवरून तो कळवायची सोयच नाही, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नका.

फोटो काढल्यावर स्क्रीन आपोआप उजळणं पहिला महिना चालूच ठेवा. ते बंद करण्यात शुद्धता आहे असं तुम्हाला सांगितलं जाईल. शिकणाऱ्याला चूक तिथल्या तिथे दिसणं जास्त गरजेचं आहे.

८. फोकसचा सराव

यात घाई नको. दोन पद्धती शिकायच्या आणि त्या वेगवेगळ्या शिकायच्या.

पहिली, चौकोनाची. उभी कड शोधा: खिडकीची चौकट, नाकाची रेघ, चष्म्याची दांडी. आडव्या रेघांवर दुहेरी प्रतिमा कळत नाही. रिंग नेहमी एकाच बाजूने आणा, समजा अनंताकडून जवळ, आणि प्रतिमा जुळल्यावर थांबा. पुढेमागे हेलकावे देत बसलात तर मेंदूला कुठे थांबायचं तेच कळत नाही. फोकस झाल्यावर चौकट सरकवायची असेल तर शरीर पुढेमागे न होता फक्त मान वळवा, आणि मोठ्या अॅपर्चरवर तेवढंही कमीत कमी.

दुसरी, अंतराची. कॅमेऱ्याचा खरा वेग इथेच आहे. आधी कॅमेऱ्याशिवाय अंतरं शिका. दोन्ही हात पसरल्यावर होणारी वाव साधारण तुमच्या उंचीइतकी असते, ते तुमचं हक्काचं माप. टेप घेऊन १, २ आणि ३ मीटर घरात मोजा आणि ती डोळ्यांत बसवा. मग चालताना एखादा खांब किती लांब आहे याचा अंदाज करा, कॅमेऱ्याने फोकस करून लेन्सवरचा आकडा वाचा, ताडून बघा. रोज थोडं केलं की अंदाज लवकर बसतो.

मग लेन्स २ मीटरवर ठेवा आणि अॅपर्चर एफ/८. ३५ एमएमला साधारण १.४ ते ३.३ मीटरपर्यंतचं सगळं स्वीकारण्याजोगं स्पष्ट येतं. २८ एमएमला ते १.२ पासून ५ मीटरपर्यंत जातं. पण हे आकडे फिल्मच्या काळच्या मापाने आहेत, आणि लेन्सवर कोरलेल्या डेप्थ ऑफ फील्डच्या खुणाही बहुधा त्याच मापाच्या असतात. २४ मेगापिक्सेलला एक स्टॉप आणि ६० ला दोन स्टॉप कडक वाचा: लेन्स एफ/८ वर असेल तर खुणा ५.६ किंवा ४ च्या बघा.

लेन्सला बोट अडकवायची टॅब असेल तर फारच उत्तम. टॅब सरळ खाली असताना किती अंतर येतं ते तुमच्या लेन्सवर बघून ठेवा. काही आठवड्यांत बोटच सांगू लागतं की आता दोन मीटर झाले. फोटो झाला की लेन्स त्याच ठरलेल्या अंतरावर परत आणायची सवय लावा. पुढचा क्षण आला की रिंग कुठल्या बाजूला फिरवायची याचा विचार करावा लागत नाही.

९. चौकट ओळखायला शिका

एम१० आणि एम११ च्या फ्रेमलाइन २ मीटरवरच्या विषयासाठी बरोबर जुळवलेल्या आहेत, एम९ च्या १ मीटरसाठी. विषय त्याहून दूर असेल तर फोटोत रेषेबाहेरचंही थोडं येतं. जवळ असेल तर रेषेच्या आतलंही थोडं कापलं जातं. म्हणून जवळच्या चेहऱ्याला चौकटीत जरा मोकळी जागा द्या आणि दूरच्या इमारतीला रेषेपर्यंत घट्ट बसवा. चौकटीच्या कडेला कागदाचा कपटा आला नाही पाहिजे अशी रचना हवी असेल, किंवा ७० सेंमीच्या आत जायचं असेल, तर एम९ नंतरच्या बहुतेक बॉडींत असलेला लाइव्ह व्ह्यू वापरा. त्यात कमीपणा मानू नका.

टोपी विसरण्यावर सोपा उपाय: बाहेर पडल्यावर टोपी खिशात आणि लेन्सवर हूड. टोपी घरी परतल्यावरच.

१०. देखभाल आणि दुरुस्ती

रेंजफाइंडर जोराच्या धक्क्याने किंवा दीर्घ वापराने हलू शकतो. वर्षातून एकदा सहाव्या पायरीतली अनंताची आणि तिरप्या पट्टीची चाचणी घरीच करा. फरक सतत आणि सगळ्या लेन्सवर दिसत असेल तरच बॉडी पाठवा. रोलरजवळचे स्क्रू फिरवून घरी जुळवण्याचे व्हिडिओ मिळतात. वॉरंटीतल्या बॉडीवर तो प्रयोग करू नका, आणि वॉरंटी संपली असली तरी जवळचं अंतर आणि अनंत दोन्ही एकत्र जुळवावी लागतात हे समजल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

पाठवताना बॉडीसोबत तुमची मुख्य लेन्सही द्या आणि दोन्ही एकमेकांशी तपासायला सांगा. सोबत चुकलेल्या फोटोंच्या मूळ फाइल द्या. प्रत्येक फोटोत फोकस कुठे केला होता आणि प्रत्यक्षात कुठे पडला हे लिहून द्या, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला काम नेमकं कळतं. एम कॅमेऱ्यांच्या सर्व्हिसला आठवडे लागू शकतात, त्यामुळे मोठ्या प्रवासाच्या तोंडावर पाठवू नका. प्रवासाची तारीख ठरली की चाचणी दोन महिने आधी करा.